ईमेलवरून भेट ठरवताना लागणारे इंग्रजी : नागपुरातील नव्या पत्रलेखकांसाठी मार्गदर्शक

बुटीबोरी, हिंगणा किंवा मिहानमधील एखाद्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींवर पहिल्याच महिन्यात एक काम येऊन पडते. परदेशातील ग्राहकाशी, पुरवठादाराशी किंवा परराज्यातील मुख्य कार्यालयाशी ईमेलवरून भेटीची, फोनची किंवा पाहणीची वेळ ठरवायची असते. वरकरणी हे काम दोन ओळींचे वाटते. फोनवर आपण 'उद्या या, अकराच्या सुमारास, जमेल ना?' एवढे बोलून मोकळे होतो, आणि त्यात जे अर्धवट राहिले असेल ते आवाजावरून, जुन्या ओळखीवरून किंवा पुन्हा एकदा फोन करून निभावते. ईमेलमध्ये यातले काहीच हाताशी नसते. वाचणारा माणूस दुसऱ्या देशात, दुसऱ्या वेळेत बसलेला असतो आणि त्याच्याजवळ आपण लिहिलेल्या शब्दांखेरीज काही नसते.

मी ज्या कार्यालयात नोकरीची पहिली वर्षे काढली, तेथून मी एका पुरवठादाराला 'नमुने शुक्रवारपर्यंत पाठवा' असे कळवले होते आणि 'पर्यंत'साठी 'अनटिल फ्रायडे' असे शब्द वापरले होते. शुक्रवार ही शेवटची मुदत आहे हे त्यातून पोहोचलेच नाही. नमुने पुढच्या बुधवारी आले आणि ते तपासायला बाहेरून आलेले तज्ज्ञ तोवर परत गेले होते. 'अनटिल'च्या जागी 'बाय' हा दोन अक्षरांचा शब्द असता तर ते टळले असते. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की भेट ठरवण्याच्या इंग्रजीत भारदस्त शब्दांपेक्षा ही चिमुकली अव्यये आणि क्रियापदांची रूपे अधिक महत्त्वाची असतात, आणि मराठी माणसाच्या चुका नेमक्या कुठे होतात हे मराठीकडे पाहूनच कळते. या लेखातील इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. ती एकदा मोठ्याने वाचावीत आणि मग स्वतः रोमन लिपीत टंकित करावीत, म्हणजे ती हातात बसतील.

पहिली पायरी : लिहिण्याआधी दिनदर्शिका पाहणे

ईमेल उघडण्यापूर्वी एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : कोण भेटणार, कशासाठी, केव्हा, कुठे, आणि उत्तर केव्हापर्यंत हवे. यातल्या 'केव्हा'वर सर्वाधिक वेळ घालवावा, कारण तारीख सुचवणारे आपण असतो आणि त्या तारखेला नागपुरात काय चालू असेल हे समोरच्याला ठाऊक असण्याची शक्यता नसते.

डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते, आणि त्या दिवसांत सिव्हिल लाइन्स, सदर आणि सीताबर्डी परिसरात हॉटेलची खोली मिळणे कठीण होते, रस्तेही ठिकठिकाणी वळवलेले असतात. दसऱ्याच्या सुमारास धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. त्या दोन-तीन दिवसांत पाहुण्याला बोलावून त्याची राहण्याची सोय करणे दोघांच्याही दृष्टीने त्रासाचे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असल्याने इतवारी-महाल भागातील घाऊक बाजारात भेट ठरवू नये. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, म्हणून उघड्यावरची कोणतीही पाहणी सकाळी दहाच्या आत संपेल अशी वेळ द्यावी. संत्र्याचे पॅकहाऊस दाखवायचे असेल तर आंबिया बहाराची तोडणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ऐन भरात असते आणि मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. मात्र ईमेलमध्ये 'आंबिया' किंवा 'मृग' असे लिहून भागत नाही. परदेशी वाचकासाठी 'द नोव्हेंबर टू डिसेंबर हार्वेस्ट' असे महिन्यांच्या नावाने सांगावे.

समोरच्याचीही दिनदर्शिका पाहावी. इंग्लंडमध्ये ऑगस्टचा शेवटचा सोमवार सुटीचा असतो आणि 25 व 26 डिसेंबरला कार्यालये बंद असतात. सौदी अरेबियात साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असते, तर संयुक्त अरब अमिरातीने 2022 पासून शनिवार-रविवारची सुटी स्वीकारली असून शुक्रवारी तेथे सरकारी काम अर्धा दिवस चालते. त्यामुळे 'आखाती देश' म्हणून सर्वांना एकच नियम लावता येत नाही.

दुसरी पायरी : विषयाची ओळ आणि संबोधन

विषयाच्या ओळीत 'मीटिंग' किंवा 'रिक्वेस्ट' एवढाच शब्द टाकू नये. 'व्हिडिओ कॉल ऑन पॅकिंग मटेरियल, थर्सडे 12 नोव्हेंबर' अशी ओळ असेल तर वाचणाऱ्याला ईमेल न उघडताही काम कळते आणि महिन्याभराने तो शोधताही येतो.

संबोधनात आपल्याकडची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते. नागपुरातल्या कार्यालयांत 'सर' आणि 'मॅडम' यांवाचून वाक्य पुरे होत नाही आणि ते योग्यच आहे, परंतु ज्याचे नाव आपल्याला माहीत आहे त्याला 'रिस्पेक्टेड सर' असे लिहिले तर परदेशी वाचकाला ते छापील पत्रासारखे परके वाटते. आडनाव माहीत असेल तर 'डिअर मिस्टर' किंवा 'डिअर मिझ' आणि त्यापुढे आडनाव लिहावे. 'मिस्टर'च्या पुढे पहिले नाव लिहिणे ही आपल्याकडची फार सार्वत्रिक चूक आहे. स्त्रियांसाठी 'मिझ' हे रूप विवाहित-अविवाहित असा भेद करत नाही, म्हणून व्यवहारात तेच बरे. समोरच्याने उत्तरात स्वतःचे पहिले नाव लिहून सही केली, तर पुढच्या ईमेलपासून 'डिअर' आणि पहिले नाव असे लिहिण्यात काहीच अनादर नाही.

तिसरी पायरी : पहिल्या वाक्यात हेतू

मराठी पत्राची सुरुवात आपण खुशाली विचारून करतो. इंग्रजी ईमेलमध्येही एखादी आपुलकीची ओळ चालते, पण दुसऱ्या वाक्यापर्यंत कामाचा उल्लेख यायलाच हवा. त्यासाठी सर्वांत भरवशाची चौकट अशी : 'आय ॲम रायटिंग टू अरेंज अ व्हिडिओ कॉल अबाउट द न्यू कार्टन्स.' येथे 'आय राइट' चालत नाही, कारण लिहिण्याची क्रिया आत्ता चालू आहे. स्वतःची ओळख करून देताना 'मायसेल्फ अमुक' असे कधीही लिहू नये. 'माय नेम इज' किंवा 'आय वर्क इन द पर्चेस डिपार्टमेंट ऑफ' अशी सुरुवात करावी.

याच वाक्यातला 'अ' हा उपपदाचा शब्दही नीट पाहावा. मराठीत उपपदे नाहीत, त्यामुळे ती गाळण्याकडे आपला कल असतो. पण 'अ मीटिंग' म्हणजे अजून न ठरलेली एखादी बैठक आणि 'द मीटिंग' म्हणजे दोघांनाही ठाऊक असलेली, ठरलेली बैठक. पहिल्याच ईमेलमध्ये 'द मीटिंग' असे लिहिले, तर आपल्याकडून एखादा जुना ईमेल वाचायचा राहून गेला की काय, असे वाचणाऱ्याला वाटते. बैठक सुचवताना 'अ', आणि होकार आल्यानंतर 'द', एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

चौथी पायरी : वेळ सुचवणे आणि विनंतीचा सूर

आपण मराठीत आदर क्रियापदाच्या रूपातून दाखवतो. 'ये', 'या', 'यावे' या तीन शब्दांत तीन पायऱ्या आहेत, 'तू', 'तुम्ही', 'आपण' आहेत, आणि नागपुरात तर नुसत्या 'हो जी'मधला 'जी'सुद्धा बरेच काही सांगून जातो. इंग्रजीत सर्वांसाठी एकच 'यू' आहे. मग आदर जातो कुठे? तो 'कुड' आणि 'वुड' या भूतकाळी रूपांत जातो. हे ऐकून नव्या मुलांना नवल वाटते, पण आपणही तेच करतो. वरिष्ठांच्या खोलीत जाऊन आपण 'मला एक विचारायचे आहे' असे न म्हणता 'मला जरा विचारायचे होते' असे म्हणतो. ती इच्छा त्या क्षणाची असते, तरी क्रियापद एक पाऊल मागे सरकते आणि विनंती मऊ होते. 'आय वॉज वंडरिंग इफ वी कुड मीट नेक्स्ट वीक' या वाक्यातील 'वॉज' आणि 'कुड' अगदी त्याच कामासाठी आलेले आहेत.

म्हणून 'प्लीज' या एका शब्दावर फार विसंबू नये. 'प्लीज कम ऑन मंडे' यात 'कृपया' असले तरी वाक्य आज्ञेचेच राहते. नेहमीच्या, दोघांना मान्य असलेल्या कामासाठी, जसे की 'प्लीज सेंड द फ्लाइट नंबर', ते ठीक आहे. पण समोरच्याचा वेळ मागताना प्रश्न करावा : 'वुड ट्यूसडे 17 नोव्हेंबर सूट यू?' किंवा 'कुड वी स्पीक ऑन थर्सडे आफ्टरनून?' आपल्या 'जमेल का?'ला सर्वांत जवळचे वाक्य 'वुड दॅट वर्क फॉर यू?' हे आहे. ते साधे आहे, उद्धट नाही आणि नकार द्यायला जागा ठेवते.

'सोयीस्कर असेल तर' हे सांगताना आपल्याकडून 'इफ यू आर कन्व्हीनियंट' असे हमखास लिहिले जाते. सोयीची असते ती वेळ. माणूस सोयीचा नसतो. मराठीत 'तुम्हाला सोयीचे असेल तर' असे म्हणतो तेव्हाही कर्ता 'तुम्ही' नसतोच. तेव्हा 'इफ इट इज कन्व्हीनियंट फॉर यू' हेच बरोबर. माणसाविषयी बोलायचे असेल तर 'अव्हेलेबल' किंवा 'फ्री' हे शब्द आहेत : 'आर यू अव्हेलेबल ऑन थर्सडे?'

'सजेस्ट' या क्रियापदाचाही असाच एक सापळा आहे. 'आय सजेस्ट यू टू कम ॲट टेन' हे चूक. 'आय सजेस्ट मीटिंग ॲट टेन' किंवा 'आय सजेस्ट दॅट वी मीट ॲट टेन' हे बरोबर. 'वुड यू माइंड' ने सुरू होणारा प्रश्न आला तर उत्तर देताना सांभाळावे. 'वुड यू माइंड चेंजिंग द टाइम?' याचा शब्दशः अर्थ 'वेळ बदलली तर तुमची हरकत आहे का?' असा असल्याने उत्साहाने 'येस' लिहिल्यास ते 'हो, हरकत आहे' असे होते. अशा वेळी 'नॉट ॲट ऑल' असे लिहून लगेच नवी वेळ द्यावी, म्हणजे संशय राहत नाही.

एकच वेळ देण्याऐवजी दोन वेळा द्याव्यात. एकच दिली तर नकारानंतर सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि पाच-सहा दिल्या तर निवडण्याचे ओझे समोरच्यावर पडते व त्या सगळ्या वेळा आपल्यालाही अडवून ठेवाव्या लागतात.

पाचवी पायरी : वार, तारीख, वाजणे आणि 'पर्यंत'

या पायरीवर सर्वांत अधिक थांबायला हवे, कारण भेटी चुकतात त्या बहुतेक येथेच.

प्रथम सोपे. घड्याळातील वेळेपूर्वी 'ॲट', वार आणि तारखेपूर्वी 'ऑन', महिना किंवा वर्षापूर्वी 'इन'. 'ॲट 11 ए.एम. ऑन थर्सडे', 'इन नोव्हेंबर'. सकाळसाठी 'इन द मॉर्निंग', पण विशिष्ट दिवसाची सकाळ असेल तर 'ऑन थर्सडे मॉर्निंग'. 'नेक्स्ट', 'धिस', 'टुमॉरो' यांच्या आधी काहीही येत नाही. 'ऑन नेक्स्ट मंडे' ही चूक मी अनुभवी लोकांच्या ईमेलमध्येही पाहतो.

आता 'पर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत अहवाल द्या' आणि 'शुक्रवारपर्यंत मी नागपुरात आहे' या दोन्ही वाक्यांत मराठी एकच शब्द वापरते. इंग्रजीला तेथे दोन शब्द लागतात. एखादे काम त्या क्षणाच्या आत एकदा पुरे व्हायचे असेल तर 'बाय' : 'प्लीज सेंड द रिपोर्ट बाय फ्रायडे.' एखादी स्थिती त्या क्षणापर्यंत अखंड चालू राहणार असेल तर 'अनटिल' : 'आय ॲम इन नागपूर अनटिल फ्रायडे.' निवड करताना मनात वाक्य बदलून पाहावे. 'पर्यंत'च्या जागी 'च्या आत' बसत असेल तर 'बाय', आणि वाक्यात 'राहणे' किंवा 'चालू असणे' बसत असेल तर 'अनटिल'. 'शुक्रवारच्या आत अहवाल द्या' हे बसते. 'शुक्रवारच्या आत मी नागपुरात आहे' हे बसत नाही. हा कस लावण्याची सवय झाली की माझ्यासारखी चूक होणार नाही.

'दोन दिवसांत' आणि 'दोन दिवसांनी' यांतही आपण फसतो. इंग्रजीतील 'इन टू डेज' ऐकायला 'दोन दिवसांत' असे वाटते, पण भविष्याविषयी बोलताना त्याचा अर्थ बहुधा 'दोन दिवसांनी' असा असतो. 'आय विल कॉल यू इन टू डेज' म्हणजे दोन दिवस गेल्यावर फोन करेन. 'दोन दिवसांत केव्हाही' असे म्हणायचे असेल तर 'विदिन टू डेज' लिहावे.

'येत्या शुक्रवारी' की 'पुढच्या शुक्रवारी' हा वाद आपल्या घरीही होतो आणि 'नेक्स्ट फ्रायडे' लिहिले की तो इंग्रजीतही होतो. काहींना तो लगेच येणारा शुक्रवार वाटतो, काहींना त्यापुढचा. यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे वाराबरोबर तारीख लिहिणे आणि महिना अक्षरांत लिहिणे. 05/06 असे लिहिले तर आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये ती 5 जून होते, अमेरिकेत 6 मे होते. 'फ्रायडे 5 जून 2026' असे लिहिले की वार आणि तारीख एकमेकांना पडताळतात, आणि चुकून त्यांचा मेळ बसला नाही तर वाचणारा स्वतःच विचारतो.

वाजण्याच्या बाबतीत सव्वा, साडे आणि पाऊण यांची आपल्याला सवय असल्यामुळे 'क्वार्टर पास्ट', 'हाफ पास्ट' आणि 'क्वार्टर टू' अवघड वाटत नाहीत. पण ब्रिटिश लोक बोलताना 'हाफ सेव्हन' म्हणतात तेव्हा त्यांना साडेसात अभिप्रेत असतात, आणि जर्मन माणसाच्या भाषेत तसलीच रचना साडेसहासाठी वापरली जाते. म्हणून ईमेलमध्ये आकडेच लिहावेत : 7:30. दुपारच्या बारासाठी '12 पी.एम.' न लिहिता '12 नून' लिहावे.

वेळेपुढे देश लिहायला विसरू नये. 'आय.एस.टी.' ही आद्याक्षरे आयर्लंड आणि इस्रायल यांच्या वेळेसाठीही वापरली जातात, त्यामुळे 'इंडिया टाइम' हे दोन शब्द अधिक निर्धोक. ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे बदलतात. नागपुरात दुपारचे 2:30 वाजलेले असताना लंडनमध्ये उन्हाळ्यात सकाळचे 10 आणि हिवाळ्यात सकाळचे 9 वाजलेले असतात. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, आणि अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, म्हणजे ब्रिटनच्या आणि अमेरिकेच्या तारखा जुळत नाहीत. दुबई वर्षभर दीड तास मागे असते. आपण हिशेब करून दोन्ही वेळा लिहाव्यात : '2:30 पी.एम. इंडिया टाइम, 9 ए.एम. लंडन टाइम'.

सहावी पायरी : जागा

आपण 'बर्डीवर भेटू' म्हणतो. मराठी पाटीवर 'सीताबर्डी' असते आणि इंग्रजी नकाशात 'सीताबुल्डी'. बाहेरून आलेला माणूस नकाशात 'बर्डी' शोधत बसेल, म्हणून पत्त्यात नकाशावरचेच स्पेलिंग लिहावे. चौकाला 'स्क्वेअर' म्हणण्याची नागपूरची रीत पाट्यांवर आणि मेट्रोच्या स्थानकांवर रुळलेली आहे, ती तशीच ठेवावी. मात्र 'निअर' लिहून केवळ खुणेची जागा न देता इमारतीचे नाव, मजला आणि पिनकोड द्यावा. मेट्रोने येणाऱ्याला ऑरेंज आणि ॲक्वा या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना मिळतात, एवढे सांगितले तरी पुरते.

सातवी पायरी : होकार, नकार आणि बदल

मराठीत 'मी उद्या येतो' म्हणताना आपण वर्तमानकाळ वापरतो आणि दारात उभे राहून 'आलोच' म्हणताना तर भूतकाळ. त्यामुळे इंग्रजीत 'आय कम टुमॉरो' असे सहज लिहून जाते. इंग्रजीत भविष्यासाठी तीन वेगळ्या वाटा आहेत. उत्तर लिहिता लिहिता घेतलेला निर्णय किंवा दिलेले आश्वासन 'विल'ने येते : 'थर्सडे सूट्स मी. आय विल सेंड द लिंक टुनाइट.' आधीच दोन्ही बाजूंनी ठरलेली गोष्ट 'ॲम', 'इज', 'आर' आणि 'इंग'ने येते : 'आय ॲम मीटिंग द ट्रान्सपोर्टर ऑन वेन्सडे.' वेळापत्रकानुसार होणारी गोष्ट साध्या वर्तमानकाळात येते : 'द फ्लाइट लँड्स ॲट 9:40.' एखाद्याला वेळ देता येत नाही हे सांगताना दुसरी वाट फार उपयोगी पडते, कारण 'आय ॲम मीटिंग' म्हटल्याने आधीचे काम खरोखर ठरलेले आहे हे समोरच्याला कळते.

'व्हेन', 'इफ', 'आफ्टर', 'ॲज सून ॲज' यांनंतर भविष्याचा अर्थ असला तरी 'विल' येत नाही. 'मी पोहोचेन तेव्हा फोन करीन' यात मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे, म्हणून 'व्हेन आय विल रीच' अशी चूक होते. 'आय विल कॉल यू व्हेन आय रीच द ऑफिस' हे बरोबर.

नकार देताना 'आय ॲम अफ्रेड' या शब्दांना घाबरू नये. येथे भीतीचा काही संबंध नसून 'क्षमा असावी, पण' असा त्याचा अर्थ आहे : 'आय ॲम अफ्रेड आय ॲम नॉट अव्हेलेबल ऑन थर्सडे. वुड फ्रायडे ॲट द सेम टाइम बी पॉसिबल?' नकाराच्या मागोमाग पर्याय दिला नाही तर समोरच्याला वाटते की भेटायचीच इच्छा नाही.

बदलाच्या बाबतीत एक धोका मुद्दाम सांगावासा वाटतो. मराठीत 'बैठक पुढे ढकलली' म्हणजे ती नंतरच्या तारखेला गेली. इंग्रजीत 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे नेमके उलट, ठरल्यापेक्षा आधी घेणे. 'फॉरवर्ड' म्हणजे 'पुढे' असे मनाशी भाषांतर करणाऱ्या माणसाची तारीख चुकलीच म्हणून समजावे. आपल्याकडे रूढ असलेला 'प्रीपोन' हा शब्द भारतात सर्वांना कळतो, पण परदेशी वाचकासाठी तो टाळावा. पुढे ढकलण्यासाठी 'पोस्टपोन' हा शब्द स्वच्छ आहे. कोणताही शब्द वापरला तरी शेवटी 'फ्रॉम' आणि 'टू' लावून दोन्ही तारखा लिहाव्यात : 'कुड वी मूव्ह द कॉल फ्रॉम थर्सडे 12 टू फ्रायडे 13 नोव्हेंबर?' मग शब्दाचा अर्थ कुणी कसाही घेतला तरी दिवस चुकत नाही.

'रिव्हर्ट' या शब्दाचा इंग्लंड-अमेरिकेतील रूढ अर्थ पूर्वस्थितीला जाणे असा आहे, म्हणून 'उत्तर द्या'साठी 'रिप्लाय' लिहावे. 'डू द नीडफुल'ऐवजी नेमके कोणते काम हवे ते लिहावे. 'डिस्कस अबाउट'मधील 'अबाउट' काढून टाकावा.

आठवी पायरी : पक्के करणे

सगळे ठरल्यानंतर एक शेवटचा ईमेल पाठवून सर्व तपशील एका जागी आणावेत. लंडनहून मुंबईमार्गे काटोलच्या बाजूचे संत्र्याचे पॅकहाऊस पाहायला येणाऱ्या ग्राहकाला लिहायचा नमुना असा :

'डिअर मिझ ब्राउन,

थँक यू फॉर युवर ईमेल ऑफ 20 ऑक्टोबर. आय ॲम रायटिंग टू कन्फर्म द अरेंजमेंट्स फॉर युवर व्हिजिट टू अवर पॅकहाऊस.

युवर फ्लाइट फ्रॉम मुंबई लँड्स इन नागपूर ॲट 9:40 ए.एम. ऑन ट्यूसडे 17 नोव्हेंबर 2026. अवर ड्रायव्हर विल मीट यू आउटसाइड द अरायव्हल्स गेट विथ अ कार्ड शोइंग युवर नेम. द ड्राइव्ह टेक्स अबाउट टू अवर्स, अँड वी आर मीटिंग द पॅकिंग टीम ॲट 12:30 पी.एम.

कुड यू प्लीज सेंड मी द नेम ऑफ युवर होटेल बाय थर्सडे 12 नोव्हेंबर? विल यू बी नीडिंग अ कार ऑन वेन्सडे ॲज वेल? इफ युवर फ्लाइट इज डिलेड, प्लीज कॉल मी ऑन द नंबर बिलो.

आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.

काइंड रिगार्ड्स'

यात 'लँड्स' वेळापत्रकासाठी, 'विल मीट' आश्वासनासाठी, 'आर मीटिंग' ठरलेल्या भेटीसाठी आणि 'बाय' अंतिम मुदतीसाठी आले आहे. 'विल यू बी नीडिंग' या रूपाकडे विशेष लक्ष द्यावे. 'डू यू वॉन्ट अ कार?' असा थेट प्रश्न चुकीचा नाही, पण या रूपाने आपण समोरच्याचा बेत काय आहे एवढेच विचारतो आणि त्याच्यावर दडपण येत नाही. 'लुक फॉरवर्ड टू'नंतर 'मीट' नव्हे, 'मीटिंग' येते, कारण येथील 'टू' हे शब्दयोगी अव्ययाचे काम करते. समारोपासाठी 'काइंड रिगार्ड्स' बहुतेक सर्वत्र चालते. 'युवर्स फेथफुली' फक्त नाव माहीत नसलेल्या माणसाला औपचारिक पत्र लिहिताना वापरावे.

पाठवण्यापूर्वी वार आणि तारीख दिनदर्शिकेत पुन्हा एकदा जुळवून पाहावी आणि ज्या सहकाऱ्याला विमानतळावर जायचे आहे त्याचे नाव 'सी.सी.'मध्ये असल्याची खात्री करावी.

उत्तर आले नाही तर

कामाचे तीन दिवस वाट पाहून त्याच ईमेलखाली उत्तर म्हणून लिहावे, म्हणजे आधीचा मजकूर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहतो. 'यू हॅव नॉट रिप्लाइड' अशी सुरुवात तक्रारीची होते. त्याऐवजी 'आय ॲम रायटिंग टू फॉलो अप ऑन माय ईमेल ऑफ मंडे 2 नोव्हेंबर' असे लिहून 'वुड आयदर ऑफ द टाइम्स बिलो वर्क फॉर यू?' असे पुन्हा विचारावे आणि त्याखाली त्याच दोन वेळा द्याव्यात. त्या वेळांपैकी एखादी दरम्यान निघून गेली असेल तर तिच्या जागी नवी द्यावी. प्रत्यक्ष भेटीच्या आदल्या दिवशी, पाहुण्याच्या देशातील कार्यालयीन वेळेत पोहोचेल अशा बेताने, ड्रायव्हरचे नाव, मोबाइल क्रमांक आणि गाडीचा क्रमांक एवढ्याच तीन गोष्टींचा छोटा ईमेल पाठवावा.